किलोमीटरला किती पडतं?

एक लिटर पेट्रोल पूर्ण जाळलं की निघणारी उष्णता सुमारे ९ युनिट भरते. युनिट म्हणजे तेच, विजेच्या बिलावरचं, एक किलोवॅट-तास. २०२४ आणि २०२५ मध्ये मुंबई-पुण्यात पेट्रोलचा भाव लिटरला १०४ रुपयांच्या आसपास रेंगाळत होता. १०४ ला ९ ने भागा. पेट्रोलमधली ऊर्जा युनिटला साडेअकरा रुपयांना पडते.

आता महावितरणचं घरगुती बिल काढा. २०२४-२५ च्या दरपत्रकाप्रमाणे १०१ ते ३०० युनिटांच्या टप्प्यात वीज आकार १०.२९ रुपये, वहन आकार १.१७ रुपये आणि त्या दोन्हींवर १६ टक्के वीज शुल्क. बेरीज जाते १३.३० रुपयांवर. निव्वळ ऊर्जा म्हणून विकत घ्यायची तर महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरात वीज पेट्रोलपेक्षा महाग आहे. तरीही विजेवरची गाडी पेट्रोलच्या गाडीच्या निम्म्याहून कमी खर्चात पळते.

यातली मेख वीज स्वस्त असण्यात नाही, पेट्रोलचं इंजिन उधळ्या स्वभावाचं असण्यात आहे. शहरात चालणाऱ्या गाडीच्या इंजिनात ९ युनिटांतली जेमतेम २ चाकांपर्यंत पोहोचतात. बाकीची रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून हवेत जातात, काही घर्षणात जिरतात, आणि सिग्नलला उभं असताना तर इंजिन काहीच काम न करता पेट्रोल पीत राहतं. विजेच्या मोटरचं तसं नाही. बॅटरीतून निघालेल्या ऊर्जेतला ८० टक्क्यांहून मोठा वाटा चाकांना मिळतो, सिग्नलला मोटर थांबते ती खरोखरच थांबते, आणि वेग कमी करताना तीच मोटर उलटी जनित्र होऊन थोडी वीज बॅटरीत परत टाकते. म्हणून शहरात ९ युनिटांवर पेट्रोलची गाडी १३ किलोमीटर जाते आणि विजेची ६० किलोमीटर. युनिट थोडं महाग असलं तरी इतक्या फरकापुढे ते झाकून जातं.

हा १३ चा आकडा आला कुठून? तुलना करायला एकच गाडी दोन्ही रूपांत मिळाली तर बरं, आणि ती सोय पुण्याजवळच्या रांजणगावात तयार होणाऱ्या टाटा नेक्सॉनने करून ठेवली आहे. तिच्या पेट्रोलच्या मॉडेलला प्रमाणित चाचणीत लिटरला १७ किलोमीटरच्या वर ॲव्हरेज मिळालं आहे. या चाचण्या करणाऱ्या संस्थांपैकी एआरएआय पुण्याच्या वेताळ टेकडीवरच आहे. चाचणी गाडी फिरत्या रोलरांवर उभी करून होते, एसी बंद असतो, कमाल वेग ताशी ९० किलोमीटर. कर्वे रस्त्यावर संध्याकाळी सातला यातलं काहीच लागू पडत नाही. शहरात १२ ते १४ मिळाले तर मालकाने समाधान मानावं. विजेच्या गाडीचा आकडाही तसाच फुगलेला असतो. ४५ युनिटांची बॅटरी असलेल्या नेक्सॉनची प्रमाणित रेंज ४८९ किलोमीटर आहे, पण कंपनी स्वतःच शेजारी रोजच्या वापरातला आकडा साडेतीनशेच्या आसपास सांगते. एसी लावून, वाहतुकीत अडकत, युनिटला ७ किलोमीटर धरणं मला रास्त वाटतं.

पण ही ७ किलोमीटर बॅटरीतल्या युनिटाची झाली. मीटरवरचं एक युनिट बॅटरीत अख्खं पोहोचत नाही. गाडीतला चार्जर तापतो, बॅटरी तापते, दहा-बारा टक्के वाटेतच जातात. बिल मीटरवरून येतं, गाडीच्या पडद्यावरून नाही. म्हणून हिशेबात मीटरच्या युनिटाला ६.२ किलोमीटर धरू. शोरूममधल्या हिशेबात ही गळती बहुधा नसते.

शेवटचं युनिट

'किलोमीटरला रुपया' हे वाक्य विजेच्या गाड्यांच्या बाजारात इतकं रुळलंय की ते कुणी तपासत नाही. ते खरं ठरायला युनिट सहा-सात रुपयांना मिळायला हवं. महावितरणच्या घरगुती ग्राहकाला त्या भावात फक्त पहिली १०० युनिटं मिळतात, आणि ती तुमचा फ्रिज, पंखे, दिवे आणि वॉशिंग मशीन महिन्याच्या पूर्वार्धातच संपवतात. गाडी घरात येते ती सगळ्यात शेवटी, त्यामुळे तिच्या वाट्याला येतात ती वरच्या टप्प्यातली युनिटं. एकूण बिलाला एकूण युनिटांनी भागून निघालेला सरासरी दर गाडीसाठी वापरणं म्हणूनच चूक. गाडीचा खर्च म्हणजे ती आल्याने बिलात पडलेली भर, तेवढीच.

त्याच २०२४-२५ च्या दरपत्रकातले वरचे टप्पे असे: ३०१ ते ५०० युनिटांत वीज आकार १४.५५ रुपये, ५०० च्या पुढे १६.६४. वहन आकार आणि शुल्क मिळवलं की अनुक्रमे सव्वाअठरा आणि पावणेएकवीस रुपये. इंधन समायोजन आकार लागतो त्या महिन्यात आणखी थोडे. एसी असलेल्या घरात उन्हाळ्यात हे दर लोकांना चांगलेच पाठ होतात.

महिन्याला २०० युनिटं जाळणारं पुण्यातलं एक घर घेऊ. गाडी महिन्याला १,००० किलोमीटर चालते. तिला लागतात १६१ युनिटं. त्यातली पहिली १०० तीनशेच्या आत बसतात, १३.३० रुपयांनी १,३३० रुपये. उरलेली ६१ पुढच्या टप्प्यात, सुमारे १,१०० रुपये. एकूण २,४४० रुपये, म्हणजे किलोमीटरला २.४४. तेच घर एसीमुळे आधीच ३५० युनिटांवर असेल तर त्याच गाडीला तेवढ्याच चालण्याला जवळजवळ ३,००० रुपये लागतील. किलोमीटरला रुपया कुठेच दिसत नाही. मात्र पेट्रोलच्या नेक्सॉनला हेच अंतर तोडायला ७७ लिटर आणि ८,००० रुपये लागतात, हेही विसरू नये. जाहिरातीतला आकडा खोटा असूनही जाहिरातीतला निष्कर्ष खरा राहतो, असं क्वचित घडतं.

मुंबईकराला या गणितात आणखी एक गुंता आहे. शहरात बेस्ट, टाटा पॉवर, अदानी आणि भांडुप-मुलुंडकडे महावितरण, असे वेगवेगळे वीजपुरवठादार आहेत आणि प्रत्येकाचं दरपत्रक वेगळं. एकच गाडी कुलाब्यात आणि मुलुंडमध्ये वेगवेगळ्या भावात चार्ज होते. पेट्रोल पंपावर असा फरक पैशांत मोजावा लागतो, इथे तो रुपयांत असतो.

वरच्या टप्प्यांतून सुटायचे दोन रस्ते आहेत. पहिला वेगळ्या मीटरचा. राज्य वीज नियामक आयोगाने २०१८ मध्येच वाहन चार्जिंगसाठी स्वतंत्र दरगट केला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती करून मागणाऱ्याला चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मिळेल अशी तरतूद केली. या गटात टप्प्यांची चढण नसते. समजा सगळे आकार धरून युनिट ९ रुपयांना पडलं, तर आपल्या १६१ युनिटांचे होतात १,४५० रुपये. एसीवाल्या घराचा खर्च निम्म्यावर आला. बंगला किंवा रो-हाउस असेल तर हे सोपं. सोसायटीत मात्र केबल कुणाच्या भिंतीवरून जाणार, मीटररूममध्ये जागा आहे का, लोड वाढवायचे पैसे कोण भरणार, यावर दोन सर्वसाधारण सभा खर्ची पडतात. हा खर्च कुठल्याच कोष्टकात नसतो, पण गाडी कोणती घ्यायची हे पुष्कळदा तोच ठरवतो.

दुसरा रस्ता छपरावरून जातो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपये अनुदान मिळतं. असा संच महाराष्ट्रात महिन्याला साडेतीनशेच्या आसपास युनिटं देतो. घर आणि गाडी मिळून आपल्याला हवीत ३६१. नेट मीटरिंगमध्ये दिवसा ग्रिडला दिलेली वीज बिलातून वजा होते, त्यामुळे गाडी रात्री लावली तरी बिघडत नाही. शिवाय सौर संच वाचवतो ती युनिटं वरच्या टप्प्यांपासून खाली वजा होतात, म्हणजे सगळ्यात महागडी आधी. गाडीमुळे संच लवकर वसूल होतो आणि संचामुळे गाडी. पण ज्याचं छप्पर स्वतःचं आहे त्यालाच हे सुख.

घराबाहेर पडल्यावर

महामार्गावर तुलनेचा तोल बदलतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि ब्रेक दाबून वीज परत मिळवायची संधी फारशी येत नाही. ताशी १०० च्या वेगाने जाताना विजेची गाडी युनिटला ६ किलोमीटरच्या खाली उतरते. पेट्रोलच्या इंजिनाला मात्र हाच रस्ता मानवतो. एका लयीत चालताना ते कमी उधळतं आणि शहरातले १३ इथे १६-१७ होतात. त्यात बाहेरच्या जलद चार्जरवर युनिट २० रुपयांच्या आसपास आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे साडेतेवीस. किलोमीटरला ४ रुपये झाले. पेट्रोलचे होतात सव्वासहा ते साडेसहा. शहरात साडेपाच रुपयांचा असलेला फरक इथे सव्वादोन-अडीचवर आला.

आणि याच ठिकाणी सीएनजी मध्ये येतो. मुंबईत किलोला ८० च्या आसपास, पुण्यात ९० च्या आसपास भाव, आणि छोटी गाडी किलोला सहज २५ किलोमीटर जाते. खर्च किलोमीटरला ३.२० ते ३.६०. जलद चार्जरवर अवलंबून असलेली विजेची गाडी सीएनजीपेक्षा महाग पडते, आणि घरच्या वरच्या टप्प्यात चार्ज होणारी थोडीशीच स्वस्त. ज्याला घरी प्लग लावता येत नाही त्याने खर्च वाचवायला विजेची गाडी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बाकी कारणांसाठी खुशाल घ्यावी. सीएनजीच्या रांगेत गेलेला वेळ ज्याचा त्याने मोजावा.

बोरघाटाचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. खोपोलीहून लोणावळ्याला चढायचं म्हणजे साधारण ५५० मीटर उंची. माणसांसकट दीड टनाची गाडी तेवढी उचलायला सव्वादोन युनिटं लागतात, ही शाळेतल्या भौतिकशास्त्रातली आकडेमोड. मोटरमधली गळती धरून विजेच्या गाडीला घाटासाठी अडीच युनिटांच्या वर जादा मोजावी लागतात. सपाटीवरची पंधरा-सोळा किलोमीटरं घाटाने खाल्ली. परतताना उतारावर त्यातली दीडेक युनिटं बॅटरीत परत येतात. पेट्रोलची गाडी चढताना पाऊण ते एक लिटर जादा पिते आणि उतरताना त्यातलं थेंबभरही टाकीत परत येत नाही.

द्रुतगती मार्गावर विजेच्या गाडीला आणखी एक देणगी मिळाली आहे. राज्याच्या २०२५ च्या धोरणाने मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर विजेच्या कारना टोल माफ केला. घोषणेनंतरही फास्टॅगमधून पैसे कापले गेल्याच्या तक्रारी झाल्या, तो भाग वेगळा. द्रुतगती मार्गाचा कारचा टोल एका वेळेला ३२० रुपये आणि मार्ग ९४ किलोमीटरच्या थोडा वर. भागाकार केला तर किलोमीटरला ३.४० रुपये. दर आठवड्याला पुणे-मुंबई करणाऱ्याला विजेच्या स्वस्ताईपेक्षा टोलमाफीच जास्त वाचवून देते.

देखभालीचं प्रकरण छोटं आहे. विजेच्या गाडीत इंजिन ऑइल नाही, ऑइल फिल्टर नाही, स्पार्क प्लग नाहीत, क्लच नाही. ब्रेक पॅड कमी झिजतात. टायर मात्र लवकर झिजतात, कारण गाडी जड आणि मोटरचा जोर पहिल्या क्षणापासून. वर्षाकाठी काही हजारांची बचत होते, त्याहून जास्त कोणी सांगितलं तर मान हलवून सोडून द्यावं.

विम्यात एक गंमत आहे. थर्ड पार्टी विम्यात विजेच्या गाड्यांना १५ टक्के सवलत आहे, असं २०२२ च्या दरपत्रकापासून सगळे सांगतात. ते खरंच आहे. पण पेट्रोलच्या गाडीचा गट इंजिनाच्या सीसीवर ठरतो आणि विजेच्या गाडीचा मोटरच्या किलोवॅटवर. पेट्रोल नेक्सॉनचं इंजिन ११९९ सीसी, म्हणून ती मधल्या गटात, हप्ता ३,४१६ रुपये. विजेच्या नेक्सॉनची मोटर ६५ किलोवॅटच्या कितीतरी वर, म्हणून ती थेट वरच्या गटात, सवलत धरून ६,७१२ रुपये. टियागो ईव्ही ६५ च्या आत राहते म्हणून २,९०४ मध्ये सुटते. त्यावर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा, तो गाडीच्या किमतीवर लागतो, आणि विजेची गाडी महाग.

बॅटरीचं भाडं

सगळ्यात नाजूक आकडा बॅटरीचा. बहुतेक कंपन्या ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरांची हमी देतात. पण बॅटरी झिजते तिचा किलोमीटरला खर्च किती, हे सहसा कुणी सांगत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये एमजी विंडसर बाजारात आली तेव्हा कंपनीने नकळत ते सांगून टाकलं. बॅटरीसकट गाडी १३.५० लाखांना, बॅटरीविना ९.९९ लाखांना आणि वर किलोमीटरला साडेतीन रुपये भाडं. दोन किमतींतला फरक ३.५१ लाख. साडेतीनने भागा, जवळजवळ १ लाख किलोमीटर येतात. भाड्याने घेणाऱ्याचा चालवण्याचा खर्च विजेचे अडीच आणि भाड्याचे साडेतीन मिळून ६ रुपये झाला, म्हणजे पेट्रोलच्या आठाच्या बराच जवळ.

विकत घेणाऱ्यालाही हे भाडं चुकत नाही, तो ते एकरकमी भरतो. पेट्रोलच्या आणि विजेच्या गाडीच्या किमतीतलं अंतर म्हणजे मुख्यतः बॅटरी. विजेच्या गाडीवर ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के जीएसटी आहे आणि महाराष्ट्रात तिला मोटार वाहन करातून मोठी सूट आहे. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ वर आला, उपकरही गेला, आणि कमी होत आलेलं अंतर पुन्हा रुंदावलं.

सगळे कर-विमे धरून हे अंतर ३ लाख आहे असं समजू. कर्जाच्या ९ टक्क्यांनी त्याचं पहिल्या वर्षाचं व्याजच २७,००० रुपये. आपल्या २०० युनिटवाल्या घरात गाडी महिन्याला ५०० किलोमीटर चालली तर इंधनावर वर्षाला ३५,००० वाचतात. व्याज जाऊन हातात ८,००० उरतात. त्यात ३ लाख कधी फिटायचे? १,००० किलोमीटर चालली तर बचत ६७,०००, व्याज जाऊन ४०,०००, आणि व्याज दरवर्षी घटत जातं, म्हणजे पाच-सहा वर्षांत हिशेब बरोबरीला येतो. १,५०० किलोमीटर चालली तर बचत ९७,०००, आणि साडेतीन-चार वर्षांत काम होतं. फक्त रविवारी भाजी आणायला निघणाऱ्या गाडीला पेट्रोलच बरं. रोज हिंजवडी किंवा ठाणे-बेलापूर करणाऱ्याने विजेचा विचार न करणं महागात पडतं.

पेट्रोलच्या भावातला कर

या सगळ्यात पेट्रोलचा भाव मी निसर्गाने दिल्यासारखा धरला. तसा तो नाही. मुंबईत लिटरमागे केंद्राचं उत्पादन शुल्क २० रुपयांच्या आसपास, आणि राज्याचा २५ टक्के व्हॅट अधिक ५.१२ रुपये, म्हणजे आणखी जवळपास २५. १०४ मधले ४५ रुपये कराचे. शहरात १३ च्या ॲव्हरेजने चालणारा पेट्रोलवाला किलोमीटरला साडेतीन रुपये नुसता कर भरतो. विजेवाला त्याच किलोमीटरला वीज शुल्काचे तीस-पस्तीस पैसे भरतो. दोघांत साडेपाच रुपयांचं अंतर आहे, त्यात तीनहून जास्त रुपये सरकारने घडवलेले. टोलमाफीही त्यात जमेस धरायला हवी, आणि ते धोरण २०३० पर्यंतचं आहे.

रस्त्यावर विजेच्या गाड्या थोड्या आहेत तोवर सरकारला हे परवडतं. न्यूझीलंडमध्ये त्या वाढल्या, आणि १ एप्रिल २०२४ पासून तिथे विजेच्या कारला दर १,००० किलोमीटरला ७६ न्यूझीलंड डॉलर रस्ता शुल्क लागू झालं. आपल्या चलनात ते किलोमीटरला पावणेचार रुपयांच्या आसपास जातं, इथला पेट्रोलवाला आज भरतो त्या कराच्या तोडीचं. तेवढं शुल्क महाराष्ट्रात लागलं तर आपल्या पुण्यातल्या घराचा २.४४ चा किलोमीटर सव्वासहाच्या जवळ जाईल. पेट्रोलच्या आठापेक्षा तो तरीही कमीच असेल, पण महिन्याला १,००० किलोमीटरवर वर्षाची बचत ६७,००० वरून २२,००० वर येईल, आणि किमतीतल्या ३ लाखांच्या फरकाचं पहिल्या वर्षीचं व्याजसुद्धा त्यातून निघणार नाही.